सहा फुटी टँकला दुसरा फिल्टर बसवताना

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस कोसळला, त्याची आठवण अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्या कधी विसरणार नाहीत. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे घरात पाणी शिरलं नाही. पण पहाटे गेलेली लाईन आली ती थेट संध्याकाळी सहाला. हॉलमध्ये माझा माशांचा सहा फुटी टँक होता. त्यात दोन ऑस्कर, चार पॅरट, हातभर वाढलेला एक सकर, आणि खाली स्टँडमध्ये एकुलता एक मोठा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर. दिवसभर आम्ही आळीपाळीने मगने पाणी उपसून वरून ओतत होतो. आई म्हणाली, "एवढा अभिषेक महादेवावर केला असता तर पुण्य तरी लागलं असतं." मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पण सगळे जिवंत होते.

सहाला लाईन आली, कॅनिस्टर गुरगुरला, आम्ही हुश्श केलं. मग फिल्टरच्या पाइपातून करडं, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी टँकमध्ये यायला लागलं. मी मूर्खासारखा बघत बसलो, वाटलं की थोड्या वेळात साफ होईल. रात्री दहाला एक ऑस्कर आडवा झाला, सकाळपर्यंत दोन पॅरट गेले. बारा-तेरा तास बिनालाईनचे काढलेले मासे लाईन आल्यावर मेले.

असं का झालं ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. फिल्टर कचरा गाळतो हे दिसतं. त्याचं मोठं काम दिसत नाही. आतल्या सिरॅमिक रिंगांवर आणि स्पंजावर जिवाणूंचा थर वाढलेला असतो. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन माशांना विषारी, तिसरा पाणी बदलेपर्यंत चालून जातो. या जिवाणूंना अखंड ऑक्सिजन लागतो. लाईन गेली की कॅनिस्टर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, कामाचे जिवाणू गुदमरतात, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरेच जिवाणू साचलेला गाळ कुजवायला घेतात. लाईन आली की तो सगळा काढा माशांच्या तोंडावर.

म्हणून जास्तीचा फिल्टर आणून माळ्यावर ठेवणं हा बॅकअप नव्हे. कोऱ्या फिल्टरवर जिवाणू नसतात, त्यांना बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसरा फिल्टर आजपासून टँकमध्ये चालू हवा, पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचा हवा, आणि त्याची वीज वेगळ्या वाटेने यायला हवी.

आधी टँकचं गणित

लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर मिळतील. ६ × २ × २ म्हणजे २४ घनफूट, साधारण ६७० लिटर. वरची दोन-तीन इंच रिकामी जागा आणि खालची वाळू-दगड वजा केले की खरं पाणी पावणेसहाशेच्या आसपास राहतं. ४ × १.५ × २ चा टँक असेल तर पूर्ण भरून सुमारे ३३५ लिटर. दुकानदार "हजार लिटरचा आहे भाऊ" म्हणाला असेल तरी टेप लावूनच बघा.

मुख्य फिल्टरने तासाला टँकचं पाणी चार ते सहा वेळा फिरवावं असा साधारण हिशेब आहे. खोक्यावर छापलेला आकडा मीडिया, म्हणजे आतल्या रिंगा-स्पंज, न भरता मोजलेला असतो. रिंगा भरल्या, पाइप वर चढवला, महिनाभराचा गाळ बसला की प्रत्यक्ष प्रवाह त्याहून बराच कमी निघतो. बॅकअपकडून मात्र एवढी अपेक्षा नको. तासाला दीड-दोन वेळा पाणी फिरलं, म्हणजे माझ्या टँकला ९०० ते ११५० लिटर, तरी पुरे. मुख्य फिल्टर बंद असताना माशांना श्वास घेता यावा आणि अमोनिया चढू नये, एवढंच त्याचं काम.

लिटरपेक्षा मासे कोणते हे जास्त महत्त्वाचं. दहा-बारा इंची एक ऑस्कर जेवढी घाण करतो तेवढी पन्नास टेट्रा मिळून करत नाहीत. गोल्डफिशही त्याच पंगतीतले. आणि दुकानात बोटभर लांबीचा "शार्क" म्हणून मिळतो तो पंगासियस घेतला असेल, तर दोन वर्षांनी बॅकअपपेक्षा नवा टँकच लागेल. तो विषय वेगळा.

आता आपला उन्हाळा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांवर ७.३. फरक दिसायला लहान आहे, पण पाणी तापलं की माशांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची भूकही वाढते, म्हणजे दोन्हीकडून चेपलं जातं. त्यात अमोनियाचा विषारी भाग तापमान आणि पीएच दोन्हींबरोबर वाढतो. ३० अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ असेल तर तोच साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येत असेल तरी एकदा पीएच तपासलेला बरा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतला टँक सहज ३३-३४ वर जातो, आणि नेमका तेव्हाच सगळ्या शहराचा भार वाढून लाईन जाते. ऑक्टोबरात चार तास तग धरणारा टँक मे महिन्यात दोन तासांत हात टेकतो.

कोणत्या जातीचा घ्यावा

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या माणसाने दोन मोठे स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालू शकणारा एअर पंप घ्यावा. दिसायला हे प्रकरण अगदीच गरीब आहे. चकचकीत टँकच्या मागच्या कोपऱ्यात काळे स्पंज उभे राहतात आणि बायको विचारते, "हे काय बसवून ठेवलं?" पण गुण बघा. पंपाची हवा स्पंजाच्या मधल्या नळीत सोडली की बुडबुडे वर चढतात, त्यांच्यासोबत पाणी वर ओढलं जातं आणि त्या जागी नवं पाणी स्पंजातून आत येतं. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे अडकणं, जळणं, गळणं नाही. वीज चार-पाच वॉट. आणि मुख्य म्हणजे स्पंज उघड्या पाण्यात असतो. हवा बंद पडली तरी टँकच्या पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत त्यावरचे जिवाणू पूर्ण गुदमरत नाहीत. कॅनिस्टरसारखा सडका काढा तयार होत नाही.

दुसरा कॅनिस्टर घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. एकाचा इंपेलर (पाणी फिरवणारा आतला पंखा) तुटला किंवा झाकणाच्या रबरी रिंगेतून पाणी गळायला लागलं तर दुसरा कॅनिस्टर उत्तम तारून नेतो. पण लाईन गेली की दोघांना एकच रोग. आधी स्पंज बसवा, पुढच्या दिवाळीत बोनस मिळाला की दुसरा कॅनिस्टर घ्या.

काचेला मागे टांगायचा हँग-ऑन फिल्टर छोट्या टँकला छान, पण नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची एक अडचण आहे. मे महिन्यात टँकमधलं पाणी रोज डोळ्यांना दिसेल एवढं उडतं. सहा बाय दोनच्या टँकमध्ये एक इंच पातळी उतरली म्हणजे २८ लिटर पाणी गेलं. पातळी उतरली की हँग-ऑनची सोंड हवा ओढायला लागते, आणि लाईन येऊन-जाऊन असेल तर मोटर कोरडी फिरून बसते. सुट्टीत आठ दिवस गावाला जाणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये.

संप, म्हणजे टँकखाली दुसरी टाकी ठेवून पाणी खाली-वर फिरवणं, मोठ्या टँकसाठी सगळ्यात सरस. पण मासे असलेल्या, भरलेल्या टँकला तो नंतर जोडणं हे नवख्याचं काम नाही. नवा टँक बनवून घ्याल तेव्हा काचवाल्याकडून भोक पाडूनच घ्या.

आणि एक नागपुरी शक्कल आधीच मोडून काढतो. होळी झाली की प्रत्येक दुकानात कूलरचे पंप लटकायला लागतात. स्वस्त असतात, पाणीही जोरात फेकतात. "याला स्पंज बांधून टाकून द्या न टँकमध्ये, काही होत नाही," असं सांगणारा हमखास भेटतो. टाकू नका. कूलरच्या पाण्यात कोणी राहत नाही आणि कोणी हात घालून बसत नाही. या पंपांचं इन्सुलेशन वर्षभर चोवीस तास बुडून राहण्याच्या हिशेबाने केलेलं नसतं, आणि धातूचे भाग गंजून पाण्यात उतरतात. कूलरमध्ये शॉक लागला तर आपण ओरडतो. मासे ओरडत नाहीत.

सामान

टँकची उंची दोन फूट असेल तर एअर पंप घेताना दाबाचा आकडा बघा. खोक्यावर ०.०२ एमपीए असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे दोन मीटर पाण्याचा दाब. एवढा असला की दोन फूट खोलीवर हवा आरामात जाते. बाऊलसाठी मिळणारा स्वस्त छोटा पंप तेवढ्या खोलीवर नुसता थरथरतो आणि चार बुडबुडे सोडतो. दोन तोंडांचा पंप घ्या, एकेका स्पंजाला एकेक तोंड. आतमध्ये बॅटरी असलेले, लाईन गेली की आपोआप बॅटरीवर जाणारे पंप आता सहज मिळतात. घरात इन्व्हर्टर नसेल तर तोच घ्या.

स्पंज तुमच्या लिटरसाठी म्हणून जो सांगतील त्याच्या वरच्या मापाचा घ्या, आणि एकाऐवजी दोन घ्या. कारण धुण्याच्या वेळी कळेल. हवेची नळी सिलिकॉनची बघा. साधी पारदर्शक नळी आपल्या उन्हाळ्यात दोन वर्षांत कडक होते आणि सांध्यातून निसटते. एकाच दिशेने हवा जाऊ देणारे दोन नॉन-रिटर्न वॉल्व्ह, हवा कमी-जास्त करायच्या दोन छोट्या कॉक, काचेला चिकटणारे चार-सहा रबरी कप. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट नसेल तर तेही याच फेरीत आणा. कागदी पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. हे सगळं माशांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. पट्ट्या, क्लिपा, वायरींसाठी मात्र इतवारीचा बाजार गाठा, त्याच वस्तू तिथे स्वस्त पडतात.

बसवणं

स्पंज साध्या पाण्यात दोनदा पिळून काढा, कारखान्याची धूळ निघून जाते. साबण अजिबात नको. मग टँकमध्ये पूर्ण बुडवून पाण्याखालीच पिळत राहा, आतली सगळी हवा निघेपर्यंत. हे टाळलं तर स्पंज दोन दिवस बुचासारखा वर येतो.

दोन्ही स्पंज मागच्या दोन कोपऱ्यांत, एकमेकांपासून लांब ठेवा. मुख्य फिल्टरच्या तोंडाजवळ नकोत, नाहीतर बुडबुडे ओढले जाऊन कॅनिस्टर खडखडायला लागतो. ऑस्कर असतील तर ते वाळू उकरणार आणि नळीला धक्के मारणार हे धरून चाला. माझ्या उरलेल्या ऑस्करने पहिल्याच रात्री एक स्पंज उपटून टँकच्या मधोमध आणून ठेवला होता, नवरदेवासारखा. आता तो कडप्प्याच्या उभ्या तुकड्यामागे आहे आणि नळी तीन ठिकाणी कपांनी धरलेली आहे. सकर स्पंजाला चिकटून बसतो, बसू द्या.

वर चढणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीशी किंवा अर्धा इंच खाली ठेवा. पाणी बाहेर पडताना पृष्ठभाग हलला पाहिजे, कारण ऑक्सिजन विरघळतो तो मुख्यतः त्या हलणाऱ्या पृष्ठभागातून. बुडबुडे स्वतः त्यात फार भर घालत नाहीत. कॉक पूर्ण उघडू नका. नळीतून नुसता हवेचा फवारा निघाला तर पाणी कमी ओढलं जातं. हळूहळू वाढवत न्या आणि जिथे पाण्याचा लोट एकसारखा दिसतो तिथे थांबा.

एअर पंप शक्य असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, भिंतीवर छोटी फळी ठोकून. खाली स्टँडमध्ये ठेवायचा असेल तर नॉन-रिटर्न वॉल्व्ह सोडून चालणारच नाही. लाईन गेली की नळीतून पाणी उलटं उतरतं, पंपात शिरतं, आणि तिथून जमिनीवर. वॉल्व्हची दिशा तोंडाने फुंकून तपासा: पंपाकडून टँककडे हवा गेली पाहिजे, उलट अजिबात नको. पंप जुन्या टॉवेलच्या घडीवर ठेवला की रात्रीची घरघर निम्मी होते.

पंप ज्या खोलीत, तिथलीच हवा पाण्यात जाते. डासांचा फवारा, ऑइल पेंट, फिनेल, बंद खोलीतला उदबत्तीचा धूर, सगळं. घराला रंग देताना पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी ओढा.

विजेची वाट

खरा बॅकअप इथे ठरतो आणि इथेच लोक चुकतात. कॅनिस्टर, लाइट, हीटर आणि एअर पंप, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. बोर्ड जळाला की चारही बंद. मुख्य फिल्टर एका सॉकेटवर आणि एअर पंप दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटवर घ्या.

घरात इन्व्हर्टर असेल तर दुपारी एकदा मीटरजवळचा मेन स्विच पाडा आणि कोणत्या सॉकेटमध्ये वीज राहते ते मोबाइलचा चार्जर लावत फिरून बघा. बहुतेक घरांत फक्त पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात. टँकजवळ तसं सॉकेट नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून एक ओढून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

हिशेब असा. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये, आणि इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो, म्हणून हातात धरायचे ७०० च्या आसपास. पाच वॉटचा एअर पंप त्यावर कितीही चालेल. चाळीस वॉटचा कॅनिस्टर एकटा असता तर सतरा-अठरा तास चालला असता. पण तो एकटा नसतो. तीन पंखे, दोन दिवे, वायफाय मिळून अडीचशे वॉट धरले तर बॅटरी तीन तासांच्या आत बसते. मे महिन्यात घरच्यांचे पंखे बंद करून माशांचा फिल्टर चालवायची माझी तरी हिंमत नाही. म्हणून एअर पंपाला स्वतःची बॅटरी असलेली बरी, इन्व्हर्टर संपला तरी तो चालतो. कॅनिस्टर इन्व्हर्टरवर घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर अशा मोटरी भुणभुणतात आणि तापतात. हीटर इन्व्हर्टरवर नको. जानेवारीच्या रात्री लाईन गेली तर टँकभोवती गोधडी गुंडाळा, पावणेसहाशे लिटर पाणी लवकर थंड होत नाही.

यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक ही तिसरी फळी. एक वॉटचा पंप त्यावर जवळजवळ दिवसभर चालतो. एक अडचण अशी की काही पॉवर बँका एवढी कमी वीज खेचली जात असेल तर "काही जोडलेलंच नाही" समजून बंद होतात. घरी एकदा तासभर चालवून खात्री करा.

सुरक्षेचं मोजकंच, पण सोडू नका. त्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) हवा आणि अर्थिंग खरोखर जोडलेली हवी. टँकमधून निघालेली प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात जात नाही. हात पाण्यात घालायच्या आधी सगळी बटनं बंद.

सहा आठवडे वाट

बसवला म्हणजे बॅकअप झाला असं नाही. कोरा स्पंज पहिले काही दिवस नुसती हवा घालतो. मुख्य फिल्टर तसाच चालू ठेवा, त्याचा मीडिया बदलू नका, आणि पुढच्या धुलाईला कॅनिस्टरच्या स्पंजातलं तपकिरी पाणी नव्या स्पंजांवर पिळा. टँक दोन दिवस गढूळ दिसेल, दिसू द्या, विरजण लावतोय. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण चालू फिल्टर घरात असताना त्यावर पैसे घालवायची गरज मला कधी वाटली नाही. चार-सहा आठवड्यांत स्पंज आतपर्यंत तपकिरी आणि किंचित बुळबुळीत झाला की समजा, वस्ती झाली.

मग परीक्षा. रविवार बघा, दिवसभर घरी असाल असा. कॅनिस्टर चोवीस तास बंद ठेवून बघायचं आहे, पण नुसता बंद ठेवला तर आतले जिवाणू मरतील आणि माझ्यासारखी फजिती होईल. त्यासाठी एक युक्ती: मोठ्या बादलीत टँकमधलं पाणी घ्या, कॅनिस्टरचे दोन्ही पाइप त्या बादलीत सोडा आणि तो तिथेच फिरत ठेवा. टँक आता फक्त स्पंजांवर आहे. माशांना नेहमीसारखं खाद्य द्या आणि सुरुवातीला, बारा तासांनी आणि चोवीस तासांनी अमोनिया मोजा. शून्य राहिला तर स्पंज पास. ०.२५ पीपीएम किंवा वर गेला तर कॅनिस्टर परत जोडा, थोडं पाणी बदला, स्पंजांना अजून महिना द्या. तरीही तेच झालं तर मासे जास्त आहेत, एवढं सरळ.

धुणं

दोन स्पंज घ्यायचं कारण हे. तीन-चार आठवड्यांनी एक स्पंज काढा, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पाच-सात वेळा पिळा, परत लावा. दुसऱ्याची पाळी दोन आठवड्यांनी. कॅनिस्टर त्या आठवड्यांत उघडायचा नाही. सगळं एकाच रविवारी स्वच्छ करणारा उत्साही माणूस सोमवारी अमोनिया मोजत बसतो. मी कालनिर्णयवर टोपणनावं लिहितो: डावा, उजवा, डबा.

नळाखाली कधीही धुवू नका, पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. पाणी बदलताना क्लोरीन काढणारं हायपो पाकिटावरच्या प्रमाणात घालून मगच टँकमध्ये सोडा. उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची रोजची भर घालताना शक्य असेल तर आरओचं पाणी वापरा. उडतं ते फक्त पाणी, क्षार खालीच राहतात, आणि बोअरचं पाणी भरत राहिलं तर ते महिन्याभरात साचत जातात. पूर्ण पाणी बदलताना मात्र आरओ नको.

एअर पंपातला रबरी पडदा वर्ष-दीड वर्षाने ढिला पडतो. बुडबुडे कमी झाले आणि स्पंज स्वच्छ असेल तर तोच दोषी. बदलायचा पडदा आधीच आणून ड्रॉवरमध्ये ठेवा. माळ्यावर ठेवायची परवानगी फक्त एवढ्याच गोष्टीला.

एक तळटीप कूलरबद्दल. टँकवर छोटा पंखा लावून पृष्ठभागावर वारा सोडला की पाणी उडून दोन-तीन अंश उतरतात, आपल्या कोरड्या हवेत तर मस्त उतरतात. पण त्याच खोलीत दारं लावून कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. खिडकी उघडी ठेवा.

लाईन गेल्यावर

सगळ्यात आधी कॅनिस्टरचं बटन बंद करा. लाईन आपोआप आली आणि तुम्ही झोपेत असाल तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. एअर पंप बॅटरीवर गेला ना, बुडबुडे दिसतात ना, ते बघा. खाद्य बंद: मोठे मासे चार दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही, कुजणाऱ्या खाद्याने मात्र होतं. टँकचा लाइट बंद, झाकण उघडं, पण पॅरट आणि ऑस्कर उडी मारतात म्हणून वर जाळी.

लाईन दोन-तीन तासांत आली तर कॅनिस्टर सरळ सुरू करा. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर त्याचे वॉल्व्ह बंद करा, डबा काढा, आतलं पाणी मोरीत ओता. वास आला तर मीडिया टँकच्या पाण्यात खळखळून घ्या, ताजं टँकचं पाणी भरा, मगच लावा. पुढचे तीन दिवस रोज अमोनिया मोजा आणि खाद्य अर्ध्यावर ठेवा.

आम्ही बाहेरगावी जातो तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. त्यांना हे सगळं सांगून काही उपयोग नाही, म्हणून कॅनिस्टरच्या बटनावर लाल टेप लावली आहे आणि स्टँडच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे: "काकू, लाईन गेली तर लाल टेपचं बटन बंद करा. बुडबुडे चालू दिसले तर निवांत राहा. लाईन आली तरी लाल बटन लावू नका, मला फोन करा. खाद्य घालू नका, ते कितीही केविलवाणे बघत असले तरी."